श्वासाचा रकाना

इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर अतिदक्षता विभाग होता, दुसऱ्यावर साधारण वॉर्ड, आणि या दोहोंच्या मध्ये, तिसऱ्यावर, ज्यांचे अजून काहीच ठरलेले नाही अशा बारा जणांच्या बारा खाटा होत्या. कागदोपत्री त्या विभागाचे नाव लांबलचक होते. पण शिपायापासून शल्यचिकित्सकापर्यंत सगळे त्याला ‘मधला’ म्हणत. वर एका रुग्णामागे एक परिचारिका, मधल्यात तिघांमागे एक, खाली तिसांमागे एक. आजारी माणसाने वरून मधल्यात, मधल्यातून खाली आणि खालून आपल्या घरी जावे, अशी योजना होती. पुष्कळ जण तसे जातही. काहींची वाट मध्येच कुठेतरी तुटे. ती कोणाची तुटणार हे आधी ओळखता यावे म्हणून मधल्यात रोज सकाळी सात वाजता एक कागद भरला जाई.

त्याला गुणपत्रक म्हणत. ताप, नाडी, रक्तदाब, रक्तातला प्राणवायू, शुद्ध आणि श्वास असे सहा रकाने. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बिघाड जितका जास्त तितके गुण जास्त. बेरीज मोठी आली की डॉक्टर धावत, लहान आली की नातेवाइकांचे चेहरे उजळत. वरच्या मजल्याला खाट हवी असली की फोन येई, आणि बारा जणांत ज्याचे गुण सर्वांत कमी त्याची खाट लिफ्टने खाली जाई. दोघांचे गुण सारखे भरले तर ज्याचा मुक्काम जास्त दिवसांचा, तो खाली. त्यात वशिला चालत नसे, रडारड चालत नसे, कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नसे. म्हणूनच तो कागद सगळ्यांना प्रिय होता.

कागद भरायचे काम मुख्य परिचारिकेचे. बावीस वर्षे ती इथेच होती. तिच्या गणवेशावर डाव्या बाजूला एक गोल घड्याळ उलटे टाचलेले असे. मान खाली घातली की तिला वेळ सुलटी दिसे आणि समोरच्याला उलटी. त्यावरून कुठल्याशा रुग्णाने तिचे नाव घड्याळताई पाडले. त्या रुग्णाला घरी जाऊन पंधरा वर्षे झाली. नाव मात्र इथेच भरती राहिले.

सहांपैकी चार रकाने ती यंत्रांवरून उतरवून घेई, आणि शुद्ध एका हाकेसरशी कळे. खाटेच्या उशाशी हिरवे आकडे लुकलुकत असत, ते वाचायचे आणि लिहायचे. श्वास मात्र माणसाने माणसाचा मोजायचा. पांघरूण जरा सारायचे, छातीवर नजर ठेवायची, आणि काट्याची एक फेरी पुरी होईपर्यंत तिचे वर येणे, खाली जाणे मोजत राहायचे. एका खाटेला एक मिनिट, बारा खाटांना बारा मिनिटे. आणि रात्रपाळी निघालेली, दिवसपाळी पुरती आलेली नाही, औषधांची गाडी दारात अडकलेली, अशा सकाळच्या सात वाजता बारा मिनिटे कोणाच्याच पदरी नसत.

म्हणून त्या रकान्यात अठरा लिहीत. धडधाकट माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. अठरा त्यात निमूट बसतो, आणि वीससारखा गोल नसल्यामुळे मोजल्यासारखा दिसतो. घड्याळताईला हे तिच्या वरच्या बाईंनी शिकवले होते आणि तिने आपल्या हाताखालच्या मुलींना शिकवले. “वेळ असेल तर मोज,” ती सांगे, “नसेल तर अठरा लिही. अठराने कुणाचं वाकडं होत नाही.” कोणी खरोखर धापा टाकत असला तर ते दुरूनही कळते, अशी तिची समजूत होती, आणि तिच्या समजुतीला बावीस वर्षांत कोणी धक्का लावला नव्हता.

अलीकडे या कागदांच्या ढिगावर एक तरुण डॉक्टर येऊन बसला होता. मधल्यात त्याला गणिती म्हणत, कारण स्टेथोस्कोपपेक्षा संगणक त्याच्या गळ्यात जास्त असे. गेल्या पाच वर्षांची सगळी गुणपत्रके त्याने संगणकात भरली होती. कोणता रुग्ण उद्यापर्यंत कोसळेल हे आज सकाळीच सांगता यावे, असे कोष्टक त्याला बांधायचे होते. माणूस भला होता. रोज दुपारी परिचारिकांच्या खोलीत येऊन चहा पीत बसे आणि सापडलेली गोष्ट लहान पोराने शिंपला दाखवावा तशी दाखवी.

“ताई, एक गंमत बघा,” एका दुपारी तो म्हणाला. “श्वासाच्या रकान्यात काही म्हणजे काही नाही. जगले त्यांचाही अठरा, गेले त्यांचाही अठरा. पुस्तकं सांगतात, माणूस बिघडायला लागला की सगळ्यात आधी श्वास बिघडतो. आपले लोक मात्र शेवटच्या दिवसापर्यंत अगदी शिस्तीत श्वास घेतात.”

मग तो म्हणाला की पुढच्या महिन्यापासून हा रकानाच काढून टाकावा, ताईंचेही तेवढे काम वाचेल. घड्याळताई बरं म्हणाली. उठून तिने आपला कप विसळला, आणि विसळलेला कप पुन्हा एकदा विसळला.

त्याच आठवड्यात तिचा दादा वरून मधल्यात आला.

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, पाट्या रंगवणारा. चाळीस वर्षे त्याने दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या पाट्या रंगवल्या. रंगाच्या वाफा आणि टर्पेंटाइन यांनी त्याची फुप्फुसे आतून कोणत्या रंगात रंगवून ठेवली होती, ते न्युमोनिया झाल्यावर क्ष-किरणांच्या पांढऱ्या पाटीवर वाचता आले. अकरा दिवस तो वर नळीवर होता. मधल्यात आला तेव्हा नऊ नंबरची खाट मिळाली, नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा आला, आणि मुखवट्याआडून पहिले वाक्य आले ते हे की दाराबाहेरच्या पाटीवरची वेलांटी चुकलेली आहे.

सख्ख्या नात्यातल्या रुग्णाची देखभाल नात्यातल्याने करू नये, असा नियम होता. घड्याळताईने मेट्रनबाईंना त्याची आठवण करून दिली. मेट्रनबाईंनी तिला माणसे किती कमी आहेत त्याची आठवण करून दिली. विषय तिथेच मिटला. वहिनी रोज भेटीच्या वेळी दारात यायची, घड्याळताईचे मनगट धरायची आणि म्हणायची, तू आहेस म्हणून मी घरी जाऊन डोळे मिटते. त्या मनगटावर वहिनीच्या बोटांचा दाब ती जाईपर्यंत आणि गेल्यावरही राहायचा.

दादाला गुणपत्रकाची फार मौज वाटे. जन्मभर गणितात नापास झालो, तो म्हणे, आणि आता कमी गुण मिळाले की बढती! खाली गेलो की घर, म्हणजे शेवटचा नंबर काढला की पेढे. त्याला हसू येई, हसण्याबरोबर खोकला येई, आणि खोकला थांबला की तो बराच वेळ छताकडे पाहत पडे.

चौथ्या नंबरच्या खाटेवर त्याच सुमारास एक बाई होती. कपड्यांच्या कारखान्यात ती काजं करी. दिवसाला पाचशे काजं, असे तिच्या नवऱ्याने एकदा अभिमानाने सांगितले होते. पोटाचे मोठे ऑपरेशन होऊन ती चार दिवसांपूर्वी मधल्यात आली होती. स्वभावाने इतकी गरीब की सुई टोचणाऱ्या मुलीलाच धीर देई. नवरा बस चालवी. तो पाळी संपवून खाकी कपड्यांतच येई, खाटेजवळच्या स्टुलावर बसे, आणि रस्त्याकडे पाहावे तसा एकटक तिच्याकडे पाही.

मंगळवारी सकाळी सातला दहा मिनिटे कमी असताना फोन वाजला. बाळंतपणात फार रक्त गेलेली एक बाई वरून मधल्यात आणायची होती, कारण तिची वरची जागा आणखी वाईट अवस्थेतल्या कोणाला तरी हवी होती. आठपर्यंत खाट रिकामी करून द्या, एवढेच सांगून फोन ठेवला गेला.

घड्याळताई कागद घेऊन निघाली. पहिली खाट, दुसरी, तिसरी. हिरवे आकडे तिच्या हातून कागदावर उतरत गेले आणि सहाव्या रकान्यात आपोआप अठरा पडत गेला. चौथ्या खाटेपाशी बसवाला उभा होता. तो म्हणाला, पहाटेपासून तिला धाप लागल्यासारखी वाटते. तिने बाईकडे पाहिले. बाई हसली. आताच अंग पुसून झाले आहे, थकवा असतो, असे घड्याळताईने सांगितले.

“मी डॉक्टर नाही,” बसवाला म्हणाला. “पण इंजिन असं वाजायला लागलं, की मी गाडी डेपोत लावतो.”

ती हो म्हणाली. तिने लिहिले: अठरा. बेरीज तीन.

पुढच्या खाटांच्या बेरजा चार, पाच, चार, सहा अशा आल्या. नऊ नंबरपाशी ती पोहोचली तेव्हा दादा जागा होता आणि मुखवट्याच्या कडेला साचलेले पाणी बोटाने टिपत होता. पाच रकाने भरून झाले. बेरीज तीन. तिची लेखणी सहाव्या रकान्यावर आली आणि तिथेच थबकली. चौथी खाट तीन, नववी तीन. चौथीचा मुक्काम चार दिवसांचा, नववीचा सहा. बरोबरी झाली तर दादा खाली जाणार होता, जिथे तिसांमागे एक मुलगी असते आणि हाक मारायला लागणारा श्वास ज्याचा त्याने आणायचा असतो.

तिने मान खाली घातली, घड्याळाकडे पाहिले, आणि दादाचे पांघरूण छातीवरून खाली सारले.

पुरे एक मिनिट ती उभी राहिली. मागून औषधांची गाडी आली, कोणीतरी तिला ताई म्हणून हाक मारली, ती मोजत राहिली. कित्येक वर्षांनी ती कोणाची छाती वर येताना, खाली जाताना पाहत होती. बरगड्यांमधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. हे तिला नवीन नव्हते, पण पुष्कळ दिवसांत तिने पाहिले नव्हते. काटा बारावर आला. सव्वीस.

सव्वीसला तीन गुण. दादाची बेरीज सहा झाली.

त्यात खोटे काही नव्हते. कोणालाही बोलवा, कोणत्याही घड्याळाने मोजा. आकडा सव्वीसच येणार होता. घड्याळताईने उरलेल्या तीन खाटांना अठरा अठरा अठरा लिहिले. गणितीने बेरजा तपासल्या, सही केली, आणि पावणेआठला काजं करणाऱ्या बाईची खाट लिफ्टच्या दिशेने निघाली. बाईने सगळ्यांना हात जोडले. आता लवकर घरी, असे कोणीतरी म्हणाले. बसवाला खाटेच्या कठड्याला धरून चालत होता.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दुपारी चार वाजता ती बाई दुसऱ्या मजल्यावर वारली. फुप्फुसांत गाठ अडकली होती, असे खालच्या डॉक्टरांनी लिहिले. दुपारची औषधे देऊन वॉर्डातली परिचारिका टोकाच्या खाटेपर्यंत जाऊन परत आली तेव्हा तिच्या ध्यानात आले.

साडेपाचला बसवाला तिसऱ्या मजल्यावर आला. चौथ्या खाटेच्या कपाटात बायकोचा चष्मा राहिला होता. त्या खाटेवर आता बाळंतीण झोपली होती. घड्याळताईने आवाज न करता खण उघडला आणि चष्मा काढून दिला. तो त्याने खिशात ठेवला नाही, हातातच धरला, काड्या उघडून, जणू समोर कोणाच्या डोळ्यांवर चढवायचा होता.

“त्या कागदावर तिचा श्वास किती लिहिला होता?” त्याने विचारले.

“अठरा.”

“हं.” त्याने चष्म्याच्या काड्या मिटल्या. “मी लिफ्टमध्ये मोजला होता. लिफ्ट मध्येच अडकली होती ना जरा. हातातल्या घड्याळावर मोजला. तीस भरला.” मग, आपलीच चूक सांगावी तसे तो म्हणाला, “वाटलं, आपल्याला कुठे मोजता येतं. ताईंनी मोजलाय ना, त्यांच्याकडे घड्याळ आहे.”

त्याने तिला दोष दिला नाही. दिला असता तर तिला काहीतरी बोलता आले असते. नातेवाइकांच्या रागाला द्यायची उत्तरे तिला तोंडपाठ होती. तो जिन्याने खाली गेला. लिफ्ट समोर उघडी होती.

घड्याळताई परिचारिकांच्या खोलीत गेली. गणिती संगणकासमोर बसला होता. तिने दार लोटून घेतले आणि उभ्यानेच सांगितले की श्वास कोणी मोजत नाही, कधीच मोजला नाही, अठरा ही नुसती लिहायची पद्धत आहे. मंगळवारी एकाच खाटेचा मोजला आणि ती खाट कोणाची होती, हेही सांगितले. गणितीचा चेहरा सावकाश बदलत गेला. पाण्याची पातळी उतरावी तसे त्यावरचे तरुणपण उतरले.

“किती वर्षं?” त्याने विचारले.

“मी आले तेव्हापासून. माझ्या आधीपासून.”

“म्हणजे पाच वर्षांचे कागद घेऊन मी तुमच्या सवयीचा अभ्यास करत बसलो होतो. रुग्णांचा नाही.” त्याने संगणक मिटला. त्या दिवशी चहा तसाच राहिला.

मेट्रनबाईंकडेही ती गेली. त्यांनी ऐकून घेतले, खिडकीचा पडदा सारखा केला आणि शांतपणे समजावले. कागद नियमाप्रमाणे भरलेला आहे, सही आहे, बेरीज बरोबर आहे. गाठ काय, कोणाच्याही फुप्फुसात कधीही अडकते. झाकली मूठ सव्वा लाखाची, त्या म्हणाल्या, उघडलीस तर तुझ्या एकटीची नाही उघडणार, चाळीस मुलींची उघडेल. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्या खोलीत सगळेच खरे होते, आणि काजं करणारी बाई खाली थंड खणात होती.

गुरुवारी घड्याळताई साडेसहालाच आली. तिने कोणाला काही सांगितले नाही. पहिल्या खाटेपाशी जाऊन पांघरूण सारले आणि मोजायला सुरुवात केली. एक मिनिट म्हणजे किती लांब असते, ते तिला तेव्हा कळत गेले. माणसाच्या छातीकडे एक मिनिट पाहिले की त्याचे नाव, नंबर, आजार सारे गळून पडते आणि नुसते एक येणेजाणे उरते, कुठल्याशा बंद घराच्या दारासारखे, वाऱ्याने उघडणारे आणि मिटणारे. पहिली खाट बावीस. दुसरी सव्वीस. तिसरी एकवीस. बाळंतीण चोवीस. एकाचाही अठरा नव्हता. सगळ्या विभागाच्या बेरजा एका सकाळीत वर चढल्या, सहा, सात, आठ. मागून चालणारा गणिती कागदावर नजर ठेवून होता. मधल्यात गेली कित्येक वर्षे कोण झोपत होते, ते दोघांनाही पहिल्यांदाच दिसत होते.

नवव्या खाटेला बावीस भरले. सव्वीसवरून बावीस, दादा खरोखरच सुधारत होता. दोन गुण. बेरीज पाच. दहाव्या खाटेची सात आली. अकराव्या खाटेवर निवृत्त पोस्टमन होता, नऊ दिवसांपासून; त्याची सहा. बाराव्याची आठ.

पावणेसातला फोन वाजला. वर खाट हवी होती.

फोन गणितीने घेतला. आज इथे खाली पाठवण्यासारखे कोणीच नाही, असे त्याने दोनदा सांगितले. पलीकडच्या आवाजाने विचारले, परवा होते आणि आज नाही, दोन दिवसांत सगळे बिघडले का? ऑपरेशनच्या टेबलावर माणूस उघडा पडला आहे, त्याला ठेवायचे कुठे? गणितीने फोन ठेवला आणि ताईकडे पाहिले.

तिच्या हातात कागद होता. नऊ नंबरचा श्वास मोजून झाला होता, पण सहाव्या रकान्यात तिने तो अजून लिहिला नव्हता. बावीस लिहिले तर पाच, बारा जणांत सर्वांत कमी. पंचवीस लिहिले तर सहा, पोस्टमनशी बरोबरी, आणि पोस्टमनचा मुक्काम नऊ दिवसांचा. तीन श्वासांचा प्रश्न होता. पोस्टमन तोंड उघडे टाकून झोपला होता. त्याला भेटायला कोणी येत नसे. खाटेजवळचे स्टूल दुसरेच कोणी कोणी उचलून नेत.

घड्याळताईने बावीस लिहिले. अक्षर नेहमीसारखेच आले.

तिने स्वतः खाटेचे ब्रेक सोडले. दादाने विचारले, काय, पास की नापास? तिने सांगितले, दादा, आज सगळ्यांचे मोजले, तुझेच कमी भरले. त्याने मुखवटा जरा वर केला. त्याच्या हातांच्या नखांत अजून निळ्या रंगाची बारीक रेघ होती.

“त्या दिवशी माझा मोजलास,” तो म्हणाला. “तेव्हा त्या बाईकडे तुझी पाठ होती.”

तिने कठड्यात अडकलेली मुखवट्याची नळी सोडवली.

“पाटी रंगवताना आधी अक्षरांमधली मोकळी जागा बघावी लागते, छोटे. नाहीतर शेवटचं अक्षर मावत नाही.” त्याला धाप लागली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, “चल. ढकल.”

लिफ्टच्या दारात वहिनी भेटली. हातात धुतलेला टॉवेल होता. खाली नेत आहेत, म्हणजे बरे वाटते आहे, असे समजून तिचा चेहरा आधी फुलला, आणि नणंदेच्या तोंडाकडे पाहून तसाच विझला. घड्याळताईने तिच्यापासूनही काही लपवले नाही. वहिनीने सगळे ऐकले आणि मनगट धरले नाही.

“लोक म्हणतात, आपला तो बाब्या,” ती हळू म्हणाली. “तुझ्या हातात होतं ना? तीनच श्वास लिहायचे होते ना जास्तीचे?”

“हो.”

“मग जा घेऊन,” वहिनी म्हणाली, आणि मागोमाग लिफ्टमध्ये शिरली.

दुसऱ्या मजल्याचा वॉर्ड लांबलचक होता. खाटांच्या दोन रांगा टोकाच्या खिडकीपर्यंत जात आणि तिथे उजेडात विरघळत. चौदाव्या खाटेची चादर बदललेली होती. तिच्याजवळचे बसवाल्याचे स्टूल कोणी तरी उलटे करून ठेवले होते. दादाला सोळावी मिळाली. त्या पाळीला जी मुलगी होती ती सहा वर्षांपूर्वी घड्याळताईच्याच हाताखाली शिकलेली. ताईला पाहून ती लगबगीने आली, आदराने हसली, कागदपत्रे घेतली. दादा ताईंचे भाऊ आहेत हे कळल्यावर तर काही काळजी करू नका, मी आहे, असे तिने दोनदा सांगितले. प्राणवायूची नळी भिंतीला जोडली, ताप पाहिला, नाडी पाहिली, रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला आणि सोडला. सारे नीट, सारे चटपटीत. पलीकडून कोणीतरी पाणी मागत होते, त्याला तिने येते म्हणून हात केला, आणि त्याच हाताने सहाव्या रकान्यात लिहिले.

अठरा. दादाच्या छातीकडे तिने पाहिलेही नव्हते.

घड्याळताई त्या आकड्याकडे पाहत राहिली. आठाचा वरचा फराटा जरा लांब ओढायची लकब तिची स्वतःची होती. मुलींना कागद भरायला शिकवताना ती त्यांच्या हातांत उतरली असावी. वहिनी टॉवेलची घडी घालत होती, मोडत होती, घालत होती.

घड्याळताईने गणवेशावरची टाचणी काढली. घड्याळ सोडवून तिने मुलीच्या तळहातावर ठेवले. कापडावर जिथे ते इतकी वर्षे होते तिथे एक गोल, कमी विटलेला डाग उरला.

“मोज,” ती म्हणाली. “पूर्ण मिनिट.”

मुलीने आधी तिच्याकडे पाहिले, मग दोन्ही बाजूंच्या तीस खाटांकडे. लिहिलेले काही चुकले का, असे तिने विचारले नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. तिने पांघरूण सारले आणि ओठांत पुटपुटत मोजू लागली. एक. दोन. तीन. दादाने डोळे मिटले होते. चौथ्या मजल्यावरून आलेला फोन तिसऱ्यावर वाजत असावा. जिन्यातून त्याचा आवाज खाली येत होता. सात. आठ. नऊ.

टोकाच्या खिडकीकडून कोणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली. हाकेत घाई होती. मुलीची मान तिकडे वळली, पाठोपाठ पाय वळले, आणि घड्याळ मुठीत घेऊनच ती धावली.

दादाची छाती वर आली. घड्याळताई खाटेच्या कठड्याला धरून उभी होती.

“दहा,” ती म्हणाली.